पितळ उघडं पडण्याआधी

‘पितळ उघडं पडणं’ हा वाक्प्रचार मला होस्टेलवर आल्यावर कळला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी मराठी म्हणजे घरात बोलण्यापुरती. म्हणी, वाक्प्रचार हे सगळं धन रूममेट्सच्या टोमण्यांबरोबर आयतं मिळालं. वरचा सोन्याचा मुलामा उडाला, की खालचं पितळ दिसतं आणि फसवणूक कळते, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्या भाषेत बिचाऱ्या पितळेची कायम बदनामीच! पण मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर माझं मत उलटं झालं आहे. मला वाटतं, पितळ उघडं पडायलाच हवं, आणि तेही वेळेवर. चकाकीखाली ते झाकून ठेवणं हाच खरा धोका.

हे मत मी ज्या उदाहरणावरून मांडणार आहे ते जरा लांबचं आहे. अमेरिकेत बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केस स्वच्छ करायला एक थरथरणारं भांडं वापरतात, त्याला व्हायब्रेटरी टम्बलर म्हणतात. मित्रहो, दचकू नका, शेवटी गाडी आपल्याच वर्कशॉपच्या दारात येऊन थांबणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. काडतुसाचे भाग चार. पितळेची केस, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू (होस्टेलकरांनी हसू नये, बंदुकीची!) आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की दारू जळते, गोळी जाते, प्रायमर निकामी होतो. शाबूत राहते ती फक्त केस. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारे खूप लोक ही केस पुन्हापुन्हा भरून वापरतात. माझा आत्तेभाऊ तिकडे नोकरीला आहे, त्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये हा उद्योग रोज संध्याकाळी चालतो, आणि दादा मला त्याचं रसभरीत वर्णन ऐकवत असतो. आपल्याकडे मात्र हा घरी करायचा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भागसुद्धा येतात आणि विनापरवाना ते बनवणं हा गुन्हा आहे. एनसीसीत असलेल्यांना ठाऊकच आहे, फायरिंगनंतर रेंजवर वाकून वाकून प्रत्येक रिकामी केस शोधायची आणि मोजून परत द्यायची. त्यातून आपण झाडतो ती पॉइंट टू टूची, तिचा ठिणगीचा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा भरताही येत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी प्रयोग करायला जाऊ नये. आपल्याला त्यातलं इंजिनिअरिंग हवं आहे, काडतूस नको.

तर हे यंत्र अगदी साधं. स्प्रिंगवर बसवलेलं प्लॅस्टिकचं गोल भांडं, मध्ये खांब, खाली मोटर, आणि मोटरच्या शाफ्टवर मुद्दाम एका बाजूला लावलेलं वजन. डायनॅमिक्स ऑफ मशिनरीत आपण ज्या अनबॅलन्स्ड मासला घालवायला रात्री जागवतो, तोच इथे पगार देऊन कामावर ठेवलाय! त्याच्या थरथरीने भांड्यातला भरडा खांबाभोवती गोल फिरतो आणि त्याच वेळी खालून वर, वरून खाली उलटत राहतो. भरडा म्हणजे एक तर अक्रोडाच्या कवचाचा चुरा, नाहीतर दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा. अक्रोड कठीण आणि कोपरेदार, काजळी लवकर काढतो. कणसाचा चुरा मऊ, तो सावकाश काम करतो पण झळाळी जास्त देतो. खूप मळलेला माल आधी अक्रोडात, मग कणसात, असं अनुभवी माणसं करतात.

आता ‘चांगला रिझल्ट’ कसा येतो? दादाच्या शेजाऱ्याचं पहिलं सूत्र म्हणजे भांडं ठासून भरू नये. होस्टेलच्या वॉशिंग मशीनमध्ये आपण तीन जीन्स, दोन चादरी आणि अख्ख्या रूमचे मोजे कोंबतो आणि मग कपडे नुसतेच ओले होऊन बाहेर येतात, तसंच इथे होतं. केस वरच्या बाजूने बुडताना आणि थोड्या वेळाने परत वर येताना दिसल्या पाहिजेत. सगळा माल एका जागी बसून नुसता थरथरत असेल, तर समजावं की वजन जास्त झालं. केस कमी करायच्या, हा त्यावरचा पहिला उपाय. मोठी मोटर आणणं हा शेवटचा.

मोटरवरून एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या पोरांना लगेच पटेल. असंतुलित वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तिकडची साधी इंडक्शन मोटर इकडे आणून व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला, तरी वेग होतो पाच षष्ठांश आणि जोर पंचवीस छत्तिसांश, म्हणजे जेमतेम ६९ टक्के. म्हणजे प्लग जुळला, दिवा लागला, आवाज आला, पण एक तृतीयांश जोर गेला. डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही. दिसेल ते इतकंच, की भरडा आळसावल्यासारखा फिरतोय.

दुसरं सूत्र, पॉलिश थेट केसवर ओतायचं नाही. आधी नुसता भरडा फिरत ठेवायचा, त्यात बाटलीच्या टोपणाएवढं पॉलिश घालायचं आणि काही मिनिटं फिरू द्यायचं. गुठळ्या मोडून ते सगळीकडे सारखं लागलं की मग केस टाकायच्या. घाई केली तर त्याच गुठळ्या केसच्या पोटात जाऊन बसतात. कागदी टॉवेलच्या एक-दोन पट्ट्या आत टाकल्या तर धूळ त्यांना चिकटते आणि भरडा जास्त दिवस टिकतो. भरडा काळा-करडा पडला की तो फेकायचा. मळलेल्या फडक्याने फळा पुसण्यात काय अर्थ?

तिसरं, दाण्याचा आकार. केसच्या तळाला ठिणगी आत जायला साधारण २ मिलिमीटरचं भोक असतं. कणसाचा भरडा नेहमी चौदा-वीस मेशचा घेतात, म्हणजे दाणे साधारण ०.८ ते १.४ मिलिमीटरचे. एक दाणा सहज निसटतो, पण दोन दाणे एकदम आले की दारात अडकलेल्या दोन जाड्या माणसांसारखे फसतात. म्हणून बाहेर काढल्यावर प्रत्येक भोक उजेडात धरून बघावंच लागतं. यंत्राने चार तास काम केलं तरी ही दोन सेकंदांची नजर माणसानेच द्यायची असते.

इथपर्यंत सगळं रेसिपीसारखं वाटेल. खरा मुद्दा आता येतो. मुळात केस स्वच्छ करायची कशाला?

विचारलं तर बहुतेक लोक म्हणतील, चमकावी म्हणून. पण अनुभवी माणूस दोन वेगळी कारणं सांगतो. एक म्हणजे, बार उडाल्यावर फुगलेली केस मापात आणायला ती पोलादी डायमध्ये दाबतात, आणि केसवर वाळूचा कण राहिला तर तो डायवर कायमचा ओरखडा पाडतो. मग पुढच्या प्रत्येक केसवर तोच ओरखडा उमटतो. दुसरं आणि मोठं कारण, काजळीखाली तडा दिसत नाही. रायफलच्या काडतुसात दाब किती होतो? नेहमीच्या रायफलींच्या मर्यादाच ५५,००० ते ६२,००० पीएसआयच्या आहेत, म्हणजे जवळजवळ ३८० ते ४३० मेगापास्कल. हा दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. तोंडाशी गेलेला तडा एक वेळ परवडेल, पण वारंवार ताणली गेलेली केस तळाच्या जरा वर आतून पातळ होते आणि एके दिवशी तिथेच तुटते. याची आगाऊ सूचना काय? बाहेरून त्या जागी दिसणारी एक बारीक, चकचकीत रेघ!

गंमत बघा. जी रेघ धोका सांगते, ती चमकते. आणि आपण हौसेने अख्खी केस आरशासारखी केली, तर त्या आरशात ती रेघ शोधणार कशी? म्हणूनच टोक वाकवलेली तार आत घालून तिथे खाच लागते का, ते चाचपून बघतात. मूठभर केस खुळखुळवून कान देतात, तडा गेलेली केस बद्द वाजते. आपल्याकडे मडकं घेताना आजी टिचकी मारून बघते, तीच परीक्षा. सांगायचं काय, तर स्वच्छता ही तपासणीची तयारी आहे. तपासणीच झाली नाही तर ती स्वच्छता नुसता मेकअप.

याच्याही पुढची गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायला लागली. कोणी हात लावलेला नाही, ठेवल्या जागी तडे! पावसाळ्यात होतं म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. कारण उलगडलं ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या संशोधनातून. काडतुसं ठेवली जायची घोड्यांच्या पागेजवळ. घोड्यांच्या मुतातून अमोनिया, हवेत पावसाळी दमटपणा, आणि केस खेचून बनवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे तिघे एकत्र आले की पितळ फाटतं. तिघांतला एक काढला की बचावतं. उपाय निघाला तो ताण काढण्याचा. साधारण २६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की ताण उतरतो आणि कठीणपणा फारसा जात नाही.

आता हे टम्बलरशी कसं जोडलंय? बाजारातल्या पितळेच्या पारंपरिक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. एनसीसीचं बक्कल घासताना नाकाला जो झटका बसतो, तो त्याचाच. बक्कल त्याने झक्क चमकतं आणि परेडला शाबासकी मिळते. पण तेच पॉलिश टम्बलरमध्ये घातलं, की पागेतला घोडाच भांड्यात बसवल्यासारखं! केस उजळून निघते आणि आतून कमकुवत होऊ शकते. म्हणून जाणकार अमोनिया नसलेलंच पॉलिश घेतात. बक्कल तडकलं तर पट्टा सुटेल, फार तर सार्जंट ओरडेल. केस तडकली तर डोळा जाईल. एकच धातू, एकच चमक, पण काम वेगळं, म्हणून नियमही वेगळा. आंबट वस्तूंचंही असंच आहे. घरी समई, निरांजन चिंचेने घासतो ते ठीक, घासलं की लगेच धुतो. पण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेलं हे पितळ आम्लात तासन् तास बुडवून ठेवलं, तर जस्त निघून जातं आणि खाली गुलाबीसर, दुबळं तांबं उरतं. बिनकल्हईच्या भांड्यात आमटी कळकते हे आपल्या आज्यांना केमिस्ट्रीच्या पेपरशिवाय माहीत होतं.

मला सगळ्यात आवडलेली माहिती मात्र वेगळीच आहे. केसचं तोंड शेवटी तापवून मऊ करतात, तेव्हा तिथे निळसर-तपकिरी डाग पडतो. अमेरिकेत दुकानात विकायच्या मालावरचा हा डाग बहुधा पॉलिश करून घालवतात, कारण गिऱ्हाइकाला तो आवडत नाही. सैन्याच्या मालावर तो मुद्दाम तसाच ठेवतात. का? कारण तो डाग म्हणजे प्रक्रिया झाल्याचा पुरावा. तपासणाऱ्याला तोच बघायचा असतो. म्हणजे एकाच वस्तूचा डाग एकाला दोष वाटतो आणि दुसऱ्याला सर्टिफिकेट. आपण कोणाच्या रांगेत उभं राहायचं? इंजिनिअर म्हणून मला तरी दुसऱ्याच्या.

आता गाडी वर्कशॉपमध्ये आणते. फिटिंगचा जॉब आठवा. सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्खी बॅच एमरी पेपर घेऊन बसते. व्ही-कट मापात आहे का, काटकोन काटकोनात आहे का, हे बघायला ट्राय स्क्वेअर कोणी मागत नाही. तेलाचा हात मारून जॉब चमकला की काम फत्ते. सर वरून एक नजर टाकतात आणि दहापैकी आठ! जर्नलचं तेच, वर कव्हर, आत कॉपी. प्रोजेक्ट रिपोर्टला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, आणि आतल्या रीडिंग्ज सगळ्यांच्या सारख्या. शाळेत आमच्या सिस्टर रोज शूज तपासायच्या, तेव्हा पुढचं टोक आरसा आणि मागची टाच चिखलाची, अशी सगळ्या वर्गाची फॅशन होती. वय वाढलं, फॅशन तीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, फिनिश चांगलं असण्यात वाईट काय? ज्याला पृष्ठभाग नीट करता येतो, तो काम मन लावून करतो असंच नाही का? मान्य आहे, आणि मला गबाळेपणाची वकिली करायची नाही. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत हेच व्हायब्रो मशीन सिरॅमिकच्या खड्यांनी पार्टची धार, म्हणजे बर, काढायला वापरतात. तिथे फिनिश हा कामाचाच भाग आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी माप, मग तडा, मग चमक. आपल्याकडे तिसऱ्याला पहिला नंबर मिळतो, आणि पहिले दोन परीक्षेला बसतच नाहीत.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. टम्बलरची धूळ विषारी असते. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, बार उडाल्यावर ते शिसं काजळीतून केसवर राहतं, आणि कोरड्या भरड्यात घासलं की धुळीत येतं. म्हणून शहाणी माणसं हे यंत्र घराबाहेर, झाकण लावून चालवतात, भरडा चाळताना तोंडाला मास्क लावतात, नंतर हात धुतात, आणि लहान मुलांना जवळ येऊ देत नाहीत. काही जण पाण्यात, स्टीलच्या बारीक पिनांनी केस धुतात, त्यात धूळ उडत नाही. पण शिसं तेव्हा पाण्यात जातं, त्यामुळे ते पाणीही जपूनच हाताळावं लागतं. म्हणजे वस्तूवरची घाण नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. कुठे जाते, हे विचारणं हे खरं इंजिनिअरिंग.

आपल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या बफिंग व्हीलची धूळ कुठे जाते, हे कोणी विचारलंय? तिथे शिसं नसेल, पण धातूचा आणि घासण्याच्या मसाल्याचा बारीक भुगा आहेच. आपण सेमिस्टरमध्ये दोन प्रॅक्टिकलपुरते तिथे उभे राहतो आणि चकाकता जॉब घेऊन निघून येतो. वर्कशॉपचे मामा मात्र रोज, प्रत्येक बॅचला, नाकाला रुमाल बांधून त्या व्हीलसमोर असतात. आपला जॉब चमकतो तेव्हा त्यातली थोडी धूळ मामांच्या छातीत गेलेली असते. दहापैकी आठ मार्कांत हा हिशेब कुठेच येत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, खर्चिक एकही नाही. पहिली, बफिंग व्हीलला धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवी बसवावी आणि मामांना रुमालाऐवजी चांगले मास्क द्यावेत. डिझाइन आणि फॅब्रिकेशन आम्ही तिसऱ्या वर्षाची मुलं मिनी प्रोजेक्ट म्हणून करू, मटेरियल कॉलेजने द्यावं. दुसरी, फिटिंगचा जॉब एमरी मारण्याआधी एकदा मापावर तपासावा आणि निम्मे मार्क तिथेच द्यावेत. तिसरी, मेटलर्जी लॅबमध्ये एक छोटा प्रयोग सुरू करावा. पितळेच्या दोन पट्ट्या यू आकारात वाकवायच्या, एकीचा ताण भट्टीत काढायचा, दुसरीचा नाही, आणि दोन्ही अमोनियाच्या वाफेत, बंद बरणीत, फ्यूम हूडखाली ठेवायच्या. आत टाकताना दोन्ही सारख्याच चमकवायच्या. मग बरणीत काय होतं ते प्रत्येक बॅचने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. १८६९ पासून दारूगोळा बनवणारी खडकीची फॅक्टरी आणि १९६४ पासूनची वरणगावची, या दोन्ही आपल्याच राज्यात आहेत. उद्या आपल्यातलाच कोणी तिथे इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसेल. त्याला चमक बघायची सवय लागलेली असावी की तडा?

सरांपैकी कोणी हे वाचलं, तर पुढच्या प्रॅक्टिकलला माझा जॉब आधी ट्राय स्क्वेअरवर लावावा, पॉलिश करण्याआधीच. पितळ उघडं पडायचं असेल तर ते वर्कशॉपमध्ये पडू दे. कोणाच्या तरी गालापाशी नको.